क्विंटलमागे चार आणे

विदर्भातल्या उच्च शिक्षणाचा इतिहास सांगायचा तर लोक नागपूरपासून सुरुवात करतात, आणि ते बरोबरच आहे. हिस्लॉप कॉलेज १८८३ चं, मॉरिस कॉलेज १८८५ चं, नागपूर विद्यापीठ १९२३ चं. वऱ्हाडात अमरावतीला किंग एडवर्ड कॉलेज निघालं तेही १९२३ सालीच. पुढे त्याचं विदर्भ महाविद्यालय झालं. आमच्या जिल्ह्यात, यवतमाळला, अमोलकचंद महाविद्यालय यायला १९५६ साल उजाडलं. आमच्या घरापुरतं बोलायचं तर यातली एकही तारीख आमच्या कामाची नव्हती. आमच्या घरी कॉलेज पोचलं ते साठच्या दशकाच्या अखेरीस, तालुक्याच्या गावी एका जिनाच्या, म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्याच्या, गोदामात बाकं मांडली गेली तेव्हा.

माझी आत्या त्याच्या चार-पाच वर्षं आधी मॅट्रिक झाली. जुनी अकरावीची मॅट्रिक. गणितात तिचा हात धरणारं शाळेत कुणी नव्हतं. कापसाच्या हिशेबाला आबाजी, म्हणजे माझे आजोबा, तिलाच जवळ बसवून घ्यायचे. तिला पुढं शिकायचं होतं. आबाजींचा विरोध नव्हता, हे मला मुद्दाम सांगायचं आहे, कारण खेड्यातला म्हातारा म्हटला की तो पोरींच्या शिक्षणाला आडवाच जाणार असं गृहीत धरलं जातं. त्यांनी दोनदा अमरावतीला माणूस पाठवून चौकशी केली होती. पण अमरावती आमच्या गावापासून नव्वद किलोमीटर. खोली कुठं करायची, जेवणाचं काय, ओळखीचं घर कोणतं, आणि पावसाळ्यात नाला आला तर पोरगी घरी कशी येणार? या प्रश्नांना उत्तर नव्हतं. आत्याचं लग्न झालं. ती सासरी गेली तेव्हा तिच्या पेटीत भूमितीचं पुस्तक होतं, हे मला तिनंच पुढं सांगितलं.

त्याच आबाजींनी, त्याच ओसरीवर बसून, पुढे मला कॉलेजात घातलं. लोक म्हणतात काळ बदलला. काळ बदलला असेल, पण आबाजी बदलले नव्हते. त्यांचं धोतर, त्यांची टोपी, पोरीबाळींबद्दलची त्यांची काळजी, सगळं तसंच होतं. बदललं होतं ते अंतर. नव्वद किलोमीटरचे बारा-तेरा किलोमीटर झाले होते. कॉलेज कुणाला मिळतं आणि कुणाला नाही, हे हुशारीवर किंवा आईबापांच्या मनावर जेवढं ठरतं त्याहून जास्त ते कॉलेज किती लांब आहे यावर ठरतं. मी आयुष्यभर तालुक्याच्या शाळेत शिकवलं, शेकडो घरांतले निर्णय जवळून पाहिले, आणि माझं हे मत दर वर्षी पक्कंच होत गेलं.

हे ज्यांना फार लवकर कळलं होतं त्यांत पहिलं नाव डॉ. पंजाबराव देशमुखांचं. अमरावती जिल्ह्यातलं पापळ हे त्यांचं गाव, जन्म २७ डिसेंबर १८९८ चा. शिकण्यासाठी या माणसाला एकेक गाव मागं टाकत जावं लागलं. पुढं पुण्याचं फर्ग्युसन, मग थेट इंग्लंड. घरच्यांनी शेतीवर कर्ज काढून पैसा उभा केला. बॅरिस्टर होऊन, वेदवाङ्मयावर डॉक्टरेट मिळवून ते परत आले आणि अमरावतीत वकिली करू लागले. त्यांनी १९२७ साली अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह उभा केला. सगळ्या जातींच्या मुलांना एकत्र राहता-जेवता यावं म्हणून श्रद्धानंद छात्रालय चालवलं. आणि १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली, जिचं जाळं पुढं सगळ्या विदर्भात पसरलं. यात वसतिगृहाचा विचार शाळा-कॉलेजाच्या बरोबरीनं आहे, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. शिकायला जाणाऱ्या कास्तकाराच्या पोराची पहिली अडचण रात्री झोपायचं कुठं ही असते, हे ज्याला स्वतःला ठाऊक आहे तोच वसतिगृहाला इतकं मोल देतो.

गाडगेबाबांनी कीर्तनातून हेच सांगितलं: ताट मोडा, हातावर भाकरी घेऊन खा, पण पोराला शाळेत घाला. स्वतः अक्षर न शिकलेल्या या माणसाचं नाव आज अमरावती विद्यापीठाला आहे. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांनी शिक्षणाचं महत्त्व वाचून समजून घेतलं नाही, त्यांनी ते मैदानात बसून, कंदिलाच्या उजेडात ऐकलं.

तर आमचं कॉलेज. त्याचं नाव मी लिहीत नाही. असं कॉलेज विदर्भाच्या बऱ्याच तालुक्यांत सापडेल आणि वाचणाऱ्यानं आपलंच समजावं. सुरुवात झाली ती बाजार समितीच्या आवारात. तालुक्याचे चार-दोन मोठे कास्तकार, एक वकील, दोन अडते, हायस्कूलचे हेडमास्तर आणि सहकारी संस्थेचे काही लोक बसले. विद्यापीठाकडे अर्ज करायचा तर अनामत रक्कम हवी, जागा हवी, पुस्तकं हवीत, पगाराची सोय हवी. पैसा कुठून आणायचा? आमच्या मुलखात पैसा वर्षातून एकदाच दिसतो, दिवाळीनंतर, कापूस बाजारात येतो तेव्हा. पांढऱ्या सोन्याचा मुलूख म्हणतात, पण ते सोनं संक्रांतीपर्यंत सावकाराच्या आणि दुकानदाराच्या घरी गेलेलं असतं. मग ठरलं की काट्यावरच कापून घ्यायचं. कापूस मोजला की पट्टीत, म्हणजे अडत्याच्या हिशेबाच्या कागदात, धर्मादा कापायची रीत जुनीच होती. गोरक्षणाला, देवळाला त्यातून जायचं. त्याच्याखाली आणखी एक ओळ वाढली: कॉलेज, क्विंटलमागे चार आणे. पैसे कधीच सुरू झाले होते, पण लोक चार आणेच म्हणत.

आबाजींच्या पेटीत त्या पट्ट्या होत्या. पातळ पिवळट कागद, कार्बनची निळी अक्षरं, वर अडत्याचं नाव, मग कापसाचं वजन, भाव, हमाली, तोलाई, धर्मादा, कॉलेज. माझ्या लहानपणी मी त्या चाळत बसायची. ‘कॉलेज’ हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तो हमाली आणि तोलाईच्या रांगेत. मोठ्या कास्तकारांनी वेगळ्या देणग्या दिल्या, त्यांच्या नावाच्या पाट्या आजही भिंतीवर आहेत, आणि त्या असायलाच हव्यात. पण त्या भिंती उभ्या राहिल्या त्या चार आण्यांवर, आणि चार आणे देणाऱ्यांत पाच एकर कोरडवाहू वावर असलेले होते, ज्यांची पोरगी-पोरगा कुणी कॉलेजात जाणारच नव्हता असेही होते. आबाजींनी दिले तेव्हा आत्याचं लग्न होऊन गेलेलं होतं, माझे बाबा सातवीत शाळा सोडून वावरात आले होते, आणि मी लहान होते. मी त्यांना एकदा विचारलं की तेव्हा आपल्या घरचं कोण जाणार होतं? ते म्हणाले, “कोनी नाई. पन गावचं कोनी तं जाईन.”

हायस्कूलची इमारत सकाळ-दुपार भरलेली, म्हणून एका जिनाच्या मालकानं गोदाम दिलं. उंच टिनाचं छप्पर, खाली फरशी, एका बाजूला सरकीचा वास कायमचा. पी.यू.सी., म्हणजे मॅट्रिकनंतरचा पूर्व-विद्यापीठ वर्ग, आणि बी.ए.चे वर्ग त्यात सुरू झाले. पावसाळा निघाला. दिवाळीनंतर कापसाच्या बैलबंड्या लागल्या, गोदामाची गरज पडली, तसे वर्ग मारुतीच्या सभामंडपात आणि एका सोडून दिलेल्या धर्मशाळेत गेले. फाल्गुनात जिन थंडावला की परत गोदामात. पहिली दोन-तीन वर्षं कॉलेजचं वेळापत्रक कापसाच्या हंगामावर चाललं. जुने विद्यार्थी सांगतात की तास चालू असताना वरून रुईचे तंतू उतरायचे आणि सरांच्या काळ्या कोटावर बसायचे.

विद्यापीठाची पाहणी समिती नागपूरहून येणार म्हणजे गावात लग्नघर. ग्रंथालयात पुस्तकं कमी होती, तर वकील, डॉक्टर, हेडमास्तर, सगळ्यांनी घरची पुस्तकं आणून कपाटात लावली. ती दाखवण्यापुरती नव्हती; बहुतेकांनी परत नेलीच नाहीत. मी कॉलेजात होते तेव्हा अर्थशास्त्राच्या एका जाड पुस्तकावर तालुक्याच्या एका वकिलाची शाईची सही होती आणि समासात त्यांच्याच टिपा. परीक्षेला मी त्या टिपांवरच उत्तरं लिहिली.

तो काळच विदर्भानं शिक्षणासाठी हट्ट धरण्याचा होता. अकोल्याला कृषी विद्यापीठ व्हावं म्हणून १९६७ साली आंदोलन झालं, त्यात माणसांचे जीव गेले, आणि २० ऑक्टोबर १९६९ ला पंजाबरावांच्या नावाचं विद्यापीठ उभं राहिलं. गोंदियाकडे मनोहरभाई पटेलांनी १९५८ साली शिक्षण संस्था काढली होती. आणि वरोऱ्याला १९६४ मध्ये जे घडलं ते तर मला आजही वाचताना भरून येतं. बाबा आमट्यांच्या आनंदवनात कॉलेज निघालं. ज्या कुष्ठरोग्यांना गावांनी वेशीबाहेर काढलं होतं, त्यांच्या झडलेल्या बोटांच्या हातांनी त्या इमारती उभ्या केल्या, आणि त्यांत शिकायला आली ती वरोऱ्याची नि आसपासच्या खेड्यांची धडधाकट मुलं. ज्यांनी घेतलं नाही त्यांना यांनी दिलं. शिक्षणाच्या इतिहासात याला कोणत्या प्रकरणात बसवायचं ते अभ्यासकांनी ठरवावं. मला एवढंच दिसतं की विदर्भातली कॉलेजं सरकारच्या फायलीतून जेवढी निघाली त्याहून जास्त ती अशा माणसांच्या हातांतून निघाली.

सरकारनंही आपला वाटा उचलला, हे सांगितलं नाही तर अन्याय होईल. यशवंतराव चव्हाणांच्या काळात वर्षाला बाराशे रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांची फी माफ झाली. ई.बी.सी., म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागास वर्ग, ही तीन अक्षरं आमच्याकडे अशिक्षित माणसालाही माहीत होती. पटवाऱ्याचा दाखला आणायचा, तहसीलची सही घ्यायची, फॉर्म भरायचा. त्याच्या जोडीला अनुसूचित जातींच्या आणि नवबौद्ध मुलांना भारत सरकारची शिष्यवृत्ती. पुढे सत्तरच्या दशकात प्राध्यापकांच्या पगाराची जबाबदारी शासनानं अनुदानातून घेतली, तेव्हा कुठं संस्थाचालकांची दर महिन्याची धावाधाव थांबली. लोकांनी इमारत द्यायची, शासनानं पगार द्यायचा, विद्यापीठानं परीक्षा घ्यायची: या तीन पायांवर तालुक्याचं कॉलेज उभं राहिलं.

मी अकरावीत गेले ते कॉलेजचे पहिले प्राचार्य आमच्या ओसरीवर आले म्हणून. वर्ध्याकडचे होते, खादी घालायचे, आणि दहावीचा निकाल लागला की सायकल घेऊन खेडोपाडी फिरायचे. कोणत्या गावात कोणाची पोरगी पास झाली याची यादी त्यांच्या खिशात असायची. पोरांच्या घरी ते फारसे जात नसत. पोरं आपोआप येतात, म्हणायचे.

त्या दिवशीचं बोलणं मला शब्दन्‌शब्द आठवतं, कारण मी दाराआड उभी होते.

“आबाजी, नात पहिल्या वर्गात पास झाली. नाव टाकता ना अकरावीत?”

“सर, पोरीची जात हाय. जानं-येनं कसं करीन ते?”

“मुक्कामी एसटी सकाळी सहाला तुमच्या गावातूनच निघते. साडेसातला तास. दुपारच्या दोनच्या गाडीनं परत. चार वाजता ती तुमच्यासमोर बसलेली असेल.”

“म्हंजे रातचं घरीच?”

“रोज रात्री घरीच.”

आबाजी थोडा वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, “मंग टाका नाव. आपलंच कॉलेज हाय नं ते.”

आत्या त्या वेळी माहेरपणाला आलेली होती. ती आतून चहा घेऊन आली आणि सरांसमोर कप ठेवताना तिनं विचारलं, “हिला गणित घेता येतं का जी तिथं?” सर म्हणाले की अजून विज्ञान शाखा नाही, पण होईल. ती झाली, पुढं काही वर्षांनी. माझ्या वेळी नव्हती, म्हणून मी बी.ए. केलं.

मुक्कामी गाडीविषयी थोडं लिहायलाच हवं. रात्री शेवटच्या गावात येऊन थांबणारी, ड्रायव्हर-कंडक्टर शाळेत किंवा ग्रामपंचायतीत झोपणार, आणि पहाटे तीच गाडी तालुक्याला परत. दूधवाले, कोर्टाच्या तारखेला निघालेले, दवाखान्यात जाणारी बाळंतीण, आणि आम्ही पोरी. सुरुवातीला आम्ही तिघीच होतो. फाट्यावरून आणखी दोघी चढायच्या. कंडक्टर पुढची दोन बाकं आमच्यासाठी राखून ठेवायचा आणि त्यावर कुणी बसलं तर नुसतं “कॉलेजच्या पोरी येनार हायत” म्हणायचा, माणूस उठायचा. आमच्या मुलखातल्या बायकांच्या शिक्षणाचा इतिहास कुणी लिहिला तर त्यात त्या कंडक्टरांना जागा द्यावी.

माझी पदवी नागपूर विद्यापीठाची. १ मे १९८३ ला अमरावती विद्यापीठ झालं आणि माझ्या धाकट्या भावाची पदवी अमरावतीची आली. ऐकायला ही कागदावरची गोष्ट वाटते. पण मार्कशीटमध्ये नाव चुकलं, तर त्या दुरुस्तीसाठी दीडशे किलोमीटर जायचं की नव्वद, यानं एका मजुराच्या घरात फरक पडतो. गडचिरोलीकडच्या लोकांना तर हा फरक त्याहून जास्त कळला असेल. गोंडवाना विद्यापीठ व्हायला २०११ साल यावं लागलं, तोवर सिरोंच्याच्या मुलाचं विद्यापीठ नागपुरात होतं.

कॉलेजला पन्नास वर्षं झाली तेव्हा स्मरणिकेच्या कामासाठी मला जुनी प्रवेश रजिस्टरं पाहायला मिळाली. मोठ्या आकाराची, कापडी पाठीची, कडा वाळवीनं खाल्लेली. रकाने असे: अनुक्रमांक, नाव, गाव, जन्मतारीख, पालकाचा व्यवसाय, फी, आणि शेवटी कॉलेज सोडल्याचं कारण. पहिल्या वर्षाच्या पानांवर मुलींची नावं अगदी विरळ, आणि त्या सगळ्या तालुक्याच्या गावातल्याच: डॉक्टरांची, हेडमास्तरांची, व्यापाऱ्याची. गावाच्या रकान्यात खेडं आणि नावाच्या रकान्यात मुलगी असं पहिल्यांदा सापडायला मला बरीच पानं उलटावी लागली. त्यानंतर मात्र ते वाढत गेलं. व्यवसायाच्या रकान्यात शेती, शेती, मजुरी, शेती, कोतवाल, मजुरी, शिवणकाम. जांभळ्या शाईत, एकाच कारकुनाच्या हातची अक्षरं, वर्षांमागून वर्षं.

मी सर्वांत जास्त थांबले ते शेवटच्या रकान्यापाशी. मुलांपुढं ‘नोकरी’, ‘घरची अडचण’, ‘पोलीस भरती’. मुलींपुढं ‘विवाह’. बहात्तरच्या दुष्काळाच्या वर्षी एका पानावर ओळीनं ‘घरची अडचण’, आणि कारकुनानं त्याखाली ‘वरीलप्रमाणे’च्या दोन-दोन टिकल्या देऊन पान संपवलेलं. ऐंशीच्या पुढं मुलींच्या रकान्यात ‘विवाह’ कमी होत जाऊन ‘पदवी पूर्ण’ दिसायला लागतं. नव्वदच्या पुढं तर मुलींची नावं मुलांच्या बरोबरीला येतात. या पानांत कुठंही भाषण नाही, ठराव नाही. तरी आमच्या तालुक्यात काय घडलं त्याचा याहून खरा दस्तऐवज मला माहीत नाही.

पुढं कॉलेज वाढलं. वाणिज्य शाखा आली. विज्ञान आलं तेव्हा प्रयोगशाळेत गॅस नव्हता, स्पिरिटच्या दिव्यांवर परीक्षानळ्या तापवल्या गेल्या. राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरं गावोगाव झाली. आमच्या गावात मुलामुलींनी शोषखड्डे खणले आणि संध्याकाळी म्हाताऱ्यांना सही करायला शिकवलं. पदव्युत्तर वर्ग निघाले. कॉलेजांचं मूल्यमापन करणाऱ्या नॅकची समिती आली. इथली मुलं तलाठी, ग्रामसेवक, नर्स, शिक्षक, एलआयसीचे एजंट, फौजदार झाली. थोडी मुंबई-पुण्याला मोठ्या पगारावर गेली. पण मला मोलाची वाटतात ती इथंच राहिलेली माणसं. आमच्या तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळांत, दवाखान्यात, पतसंस्थेत, बँकेच्या खिडकीत जी माणसं बसली आहेत त्यातली बरीचशी त्या टिनाच्या छपराखालून गेलेली आहेत. सरपंचपदाचं आरक्षण बायकांना मिळालं तेव्हा ‘नावाला बाई, कारभार नवऱ्याचा’ असं सर्रास बोललं गेलं. आमच्याकडे काही गावांत ते खोटं ठरलं, आणि जिथं खोटं ठरलं तिथल्या बायका बहुधा कॉलेजला जाऊन आलेल्या होत्या.

सगळं गोड नव्हतं. ज्या संस्था चार आण्यांवर उभ्या राहिल्या त्यातल्या कित्येक पुढं एकेका घराण्याच्या झाल्या. संचालक मंडळात बापाच्या जागी मुलगा, मुलाच्या जागी सून. अनेक ठिकाणी प्राध्यापकाच्या जागेला लाखांचे भाव लागले, आणि ते पैसे भरण्यासाठी ज्यानं वावर विकलं असा मुलगा माझ्या ओळखीतला आहे. याचा मला मनापासून राग आहे. कास्तकाराच्या पट्टीतून कापलेल्या पैशावर जे उभं राहिलं ते विकण्याचा अधिकार कुणालाच नाही.

आणि मग कापसाचे दिवस फिरले. आमच्या जिल्ह्याचं नाव कास्तकारांच्या आत्महत्यांसाठी पेपरात येऊ लागलं, ते सगळ्यांना माहीत आहे. २००६ साली पंतप्रधान आले, सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर झालं, त्यात यवतमाळ होतंच. त्या वर्षांत वर्गात एखादा मुलगा आठ-दहा दिवस दिसला नाही की शिक्षकाच्या पोटात गोळा यायचा. ज्या घरातला कर्ता गेला त्या घरातली पोरं लांब शिकायला जाऊच शकत नव्हती. घरात आई एकटी, वावर कसायचं, बँकेचे कागद पाहायचे. सकाळी तास करून दुपारी वावरात जाता येतं असं एकच कॉलेज त्यांना होतं. त्या काळात आमचं कॉलेज नसतं तर त्या पोरांचं काय झालं असतं, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

आज चित्र असं आहे. मंजूर जागांपैकी निम्म्याहून अधिक रिकाम्या, कारण निवृत्त झालेल्यांच्या जागा भरल्या जात नाहीत. तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक शिकवतात. नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा पास झालेली, पीएच.डी. झालेली माणसं, ज्यांचं मानधन तासावर मोजलं जातं आणि उन्हाळ्यात बंद होतं. एक जण संध्याकाळी कृषी केंद्रावर बसतो. वर्गात हजेरी कमी असते, हेही खरं. पण पहाटे पाच वाजता कॉलेजच्या मैदानावर जाऊन पाहा. शंभरेक पोरंपोरी धावत असतात. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे, मग गोळाफेक. पोलीस भरतीची तयारी. सात वाजता तीच पोरं ग्रंथालयाच्या अभ्यासिकेत येऊन बसतात आणि दिवे जाईपर्यंत उठत नाहीत. पोरं शिकायला येत नाहीत असं म्हणणाऱ्यांनी आधी हे पाहावं आणि मग ठरवावं.

अलीकडे एक बोलणं सारखं कानावर येतं: छोट्या कॉलेजांची गरज काय, ती बंद करून जिल्ह्याला एक मोठं करा, बाकी मोबाईलवर शिकता येतं. हे बोलणारा माणूस बहुतेक वेळा शहरातला असतो. कोरोनाच्या काळात आमच्या गावातल्या मुली टाकीवर चढून तास ऐकत होत्या, कारण खाली रेंज नव्हती. घरात एक मोबाईल, तो भावाच्या हातात. कॉलेज जिल्ह्याला गेलं तर मुलं जातील, खोली करून राहतील, डबा लावतील. मुलींचं काय होईल ते माझ्या आत्याच्या पेटीतल्या भूमितीच्या पुस्तकाला विचारा.

म्हणून सध्या मी एका लहानशा गोष्टीच्या मागं लागले आहे. मुक्कामी गाडी आता नाही. गावोगाव दुचाक्या झाल्या, प्रवासी घटले. आमच्या बाजूच्या सहा-सात गावांची पहिली गाडी तालुक्याला पोचते ती सव्वाआठला. कॉलेज भरतं साडेसातला, गोदामाच्या दिवसांपासून. म्हणजे या गावांतल्या मुलींचे पहिले दोन तास रोज बुडतात, आणि विज्ञानाची प्रात्यक्षिकं नेमकी त्याच वेळात लावलेली आहेत. बारावीपर्यंत मुलींचा एसटीचा पास फुकट असतो. पदवीला आल्यावर सवलतीचे का होईना, पैसे भरावे लागतात. पैसे भरून अर्धंच कॉलेज मिळत असेल तर बाप एक वर्ष पाहतो, दुसऱ्या वर्षी नाव काढतो. मी अशा तीन घरी जाऊन आले. तिन्हीकडं पोरीला शिकवायचं नाही असं कुणीच म्हणालं नाही. एका बापानं मला उलट विचारलं, “मॅडम, कॉलेजवाल्यायनं घंटा एक तास उशिरा वाजवली तं काय होते?”

काही होत नाही. प्राचार्यांशी मी बोलले, तासिकेवरच्या प्राध्यापकांशी बोलले. त्यांची तयारी आहे. वेळ बदलायचा निर्णय संस्थेचा आहे, आणि संस्थेची सर्वसाधारण सभा दिवाळीनंतर असते. एकेकाळी त्या सभेला बाजार समितीचं आवार पुरायचं नाही. आता संचालक आणि दहा-बारा माणसं असतात, कारण जुने आजीव सभासद वारले आणि त्यांच्या घरच्यांना ठाऊकच नाही की घटनेप्रमाणे त्यांना सभासद होता येतं. मी झाले आहे. ठराव लिहून तयार आहे: येत्या सत्रापासून कॉलेज साडेआठला भरावं, प्रात्यक्षिकं दहानंतर ठेवावीत आणि रिकाम्या जागांसाठी शासनाकडे संस्थेनं दरमहा लेखी पाठपुरावा करावा. सूचक म्हणून माझी सही झाली आहे. अनुमोदक पाहिजे. आपल्या तालुक्यातलं कुणी हे वाचत असेल आणि घरच्या जुन्या पेटीत तसली पिवळी पट्टी सापडत असेल, तर सभासदाचा फॉर्म कॉलेजच्या कार्यालयात दुपारी बारा ते चार मिळतो.